किल्ली कोणाकडे?

खान्देशात अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी माणूस जागेवर सापडत नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात, घराघरांत खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झालेला असतो, पुरुषमंडळी पत्त्यांच्या डावाला बसलेली असतात. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं वर्षही त्याच दिवशी संपतं. जुना हिशेब मिटतो, नवं साल ठरतं, कोणी या मळ्यातून त्या मळ्यात जातो. वर्षभर ज्याला विहिरीची, मोटारीची, गोठ्याची सगळी खबर असते, तो माणूस नेमका त्या दिवशी निघून जातो.

२०१८च्या अखाजीला आमच्या जिनिंगला आग लागली, तेव्हा पंपघराची किल्ली अशाच एका गावी गेलेल्या माणसाच्या खिशात होती.

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावाबाहेर ही जिनिंग-प्रेसिंग, कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. मी तिथे अकरा वर्षं हिशेब पाहिला. काटापावत्या, शेतकऱ्यांची देणी, बँकेला द्यायचं मालाचं पत्रक, विमा, सगळं माझ्याकडे. हंगाम संपत आला होता, जिन बंद होता, पण आवारात मोकळ्या कापसाची एक मोठी गंजी आणि शेडखाली बांधलेल्या गाठी पडून होत्या. बँकेचं पत्रक पूर्ण करायचं म्हणून मी सकाळी दोन तासांसाठी आले होते. दुपारी जेवायला माहेरी जायचं होतं.

साडेबाराच्या सुमारास राखणदार नाना ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. धावत आले होते, पण आवाज अगदी हलका होता. "ताई, रुईले आग लागनी."

एप्रिलातली दुपार, वर वारा. कापसाची आग ज्यांनी पाहिली नसेल त्यांना वाटतं की भडका उडत असेल. पहिल्यांदा तसं होत नाही. गंजीच्या एका बाजूवरून निळसर-पिवळी झळ नुसती सरकत जाते, पृष्ठभागावरचे तंतू जळतात आणि झळ पुढे जाते. मागे काळा डाग राहतो, आणि वाटतं की विझलं. विझलेलं नसतं. ते आत उतरलेलं असतं.

आमच्याकडे तयारी होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण आग लागली की लोक म्हणतात, निष्काळजीपणा असेल. मोठा हौद भरलेला होता. पंप चालू स्थितीत होता. आवारभर लाल पाईपलाईन होती, पाईपच्या गुंडाळ्या पेटीत होत्या, भिंतीला अग्निशामक नळकांडी टांगलेली होती. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा नीट असल्याचं 'नमुना ब' प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घ्यावं लागतं. आमचा जानेवारीचा कागद फाईलला होता. त्यात लिहिलेला शब्दन् शब्द खरा होता.

पंपघराला कुलूप होतं. मोटारीच्या केबलची मागे चोरी झाली होती, तेव्हापासून पंपवाले आप्पा कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवायचे. यात आप्पांची काय चूक? चोरी झाली तेव्हा त्यांनाच बोलणी बसली होती. आता ते गावी, जेवणं आटोपून डावाला बसलेले. फोन वाजत राहिला. नाना, मी, प्रेसचा एक फिटर आणि गावी न गेलेली सातपुड्याकडची चार मजूर कुटुंबं, एवढेच आम्ही आवारात. प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत होता: "किल्ली कोनाजोडे शे?"

शेवटी फिटरने पहारीने कोयंडा उचकटला. पंप सुरू झाला, आणि पाणी आलं नाही. आत दोन व्हॉल्व्ह होते. एक आगीच्या लाईनचा, दुसरा मजुरांच्या वस्तीकडच्या टाकीचा. दोन्ही सारखे, दोन्ही गंजलेले, कशावर काहीच लिहिलेलं नाही. आप्पांना अंधारातही कळलं असतं. आम्ही चुकीचा उघडला. वस्तीवरची टाकी भरून वाहायला लागली आणि गंजीकडचा पाईप कोरडाच होता. दुसरा उघडेपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. त्या दुपारी कोणी घड्याळ पाहिलं नाही.

मधल्या वेळात मी भिंतीवरचं नळकांडं काढून पिन ओढून मारलं. पांढरी भुकटी उडाली, झळ विझली, आणि मी मागे वळेपर्यंत त्याच जागी परत धूर. ती भुकटी वरची ज्वाळा दाबते, आतला निखारा थंड करत नाही. कापसाला पाणीच हवं, आणि तेही नुसतं वरून मारून भागत नाही. रुई पाणी लवकर आत घेत नाही, थेंब वरच्यावर घरंगळतात. ढीग फोडत जायचं आणि आत पाणी मारत जायचं. हे मला त्या दिवशी बंबावरच्या जवानाने शिकवलं. अकरा वर्षं मी त्या नळकांड्यांची बिलं पास केली होती.

तेवढ्यात एक बाई किंचाळत वस्तीकडून आली. तिचं लेकरू सापडत नव्हतं. तिने त्याला गंजीपलीकडच्या निंबाला झोळी बांधून निजवलं होतं, कारण वस्तीच्या पत्र्याखाली फार तापतं. धुराने निंब दिसत नव्हता. नाना ओलं पोतं डोक्यावर घेऊन मागच्या बाजूने गेले आणि झोळीसकट पोर घेऊन आले. ते झोपलेलंच होतं. कपाळाला घाम आणि वर राखेचे दोन-तीन काळे ठिपके.

नंतर कित्येक दिवस मला त्या ठिपक्यांनी झोप येऊ दिली नाही. हजेरीपत्रक मी ठेवत होते. आवारात किती माणसं आहेत हे कोणी विचारलं असतं तर मी ते पत्रक पाहून ठामपणे सांगितलं असतं, नऊ. लेकरं धरून पंधरा होती. ज्याला मजुरी नाही त्याचं नाव माझ्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

नगरपालिकेचा बंब आला. फाटकासमोर सुट्टीमुळे उभ्या करून ठेवलेल्या दोन ट्रॉल्या होत्या, त्या ढकलाव्या लागल्या. बंबातलं पाणी काही मिनिटांत संपतं, मग जवानांचा पहिला प्रश्न असतो, भरायचं कुठून? हौद दहा पावलांवर होता, पण तिथवर गाडी नेण्याच्या वाटेत सरकीची पोती रचलेली. एकेक करून या सगळ्यातून वाट निघाली आणि दिवस मावळता आग आटोक्यात आली. गंजी गेली. गाठींपैकी बऱ्याच वाचल्या, असं आम्हाला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना गाठींच्या ओळीवरून हात फिरवत चालले होते. पोळीसाठी तवा तापला का हे बाई जसं तळहात वर धरून पाहते, तसे. एका गाठीपाशी थांबले आणि मला म्हणाले, "ताई, इथे हात लावा." बाहेरून गाठ पांढरीशुभ्र, पट्ट्या जागच्या जागी, पण ऊब लागत होती. १७० किलोची ती गाठ चौघांनी ओढून उघड्यावर नेली, पट्टी तोडली आणि फोडली. मधोमध वाटीएवढी जागा लाल होती. वारा लागताच ती आमच्या डोळ्यांदेखत फुलली. घट्ट दाबलेल्या रुईत तंतूंमधल्या हवेवर निखारा दिवसेंदिवस जिवंत राहतो. ती एक गाठ शेडमध्ये राहिली असती तर रात्री सगळी ओळ गेली असती. त्यानंतर पंधरा दिवस प्रत्येक गाठ सुटी, एकमेकींपासून लांब, उघड्यावर ठेवली आणि दोन वेळा हाताने तपासली.

ऑफिस जळलं नव्हतं, पण पाण्याने भिजलं होतं. संगणक गेला. काटापावत्यांची पुस्तकं फुगून बसली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर शेतकरी उभे. ज्यांचा कापूस घेतला होता आणि पैसे द्यायचे होते, असे. कोणी आवाज चढवला नाही. एक म्हातारे बाबा फक्त म्हणाले, "माझी पावती घरी आहे, तुमच्याकडे नोंद आहे ना?" ते हात जोडून विचारत होते. मला आजही त्या प्रश्नाचं ओझं वाटतं. मालकाचं नुकसान विमा थोडंफार भरून देतो. शेतकऱ्याचा कापूस गेला, नोंद गेली, तर त्याच्या वर्षाचं काय? आम्ही दोघी-तिघींनी सगळ्या पावत्या सुट्या करून ओट्यावर वाळत घातल्या, प्रत्येकीवर एक खडा. कार्बनची अक्षरं टिकली होती, शाईची पसरली होती. दोन दिवस उन्हात बसून मी नावं, वजनं आणि भाव पुन्हा वहीत उतरवले. सगळ्यांचे पैसे चुकते झाले. हंगामभर रोज संध्याकाळी त्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या घरी गेली असती तर हे दोन दिवस लागले नसते आणि त्या बाबांना हात जोडावे लागले नसते.

विम्याचं दुखणं वेगळं. आमची पॉलिसी हंगामाच्या सुरुवातीच्या मालावर काढलेली होती. माल वाढत गेला, रक्कम तीच राहिली. वाढवायचं काम माझं होतं, मी ते पुढच्या आठवड्यावर ढकलत राहिले. विम्यात 'ॲव्हरेज'चं कलम असतं, ते व्यापाऱ्यांनी नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं. माल एक कोटीचा, विमा साठ लाखांचा आणि नुकसान तीस लाखांचं झालं, तर साठ लाखांच्या आत आहे म्हणून तीस मिळत नाहीत. माल साठ टक्केच झाकलेला होता म्हणून नुकसानही साठ टक्केच, म्हणजे अठरा लाख. उरलेले बारा तुमचे. २०२१च्या १ एप्रिलपासून पाच कोटींपर्यंतच्या छोट्या उद्योगांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी आली, तिच्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ असते. तेवढा दिलासा आहे. पण कापसाच्या हंगामात माल महिन्याभरात दुप्पट होतो, तिथे पंधरा टक्के कुठवर पुरणार? बँकेला मालाचं पत्रक द्याल त्याच दिवशी विम्याची रक्कमही पाहा.

त्या पावसाळ्यात शेठनी मला, नानांना, आप्पांना आणि फिटरला समोर बसवलं आणि विचारलं, आता काय करायचं? कोणी म्हणालं नवा पंप, कोणी म्हणालं कॅमेरे. मी त्या दुपारचा विचार करत होते आणि मला एकच दिसत होतं. आमच्याकडे काहीच कमी नव्हतं. आमची सगळी तयारी सगळे हजर असतील असं धरून केलेली होती. पंप आप्पांसाठी होता, पाईप फिटरच्या टोळीसाठी, फाईल मॅनेजरसाठी. जे हजर होते त्यांच्यासाठी काहीच नव्हतं.

तिजोरीचा नियम मला पाठ होता. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात आणि दोघं मिळाल्याशिवाय ती उघडत नाही. चोरीपासून रक्षण असंच होतं. आपण तीच सवय सगळीकडे लावतो, महत्त्वाची वस्तू म्हणजे कुलूप आणि एकच विश्वासू माणूस. आगीचा हिशेब बरोब्बर उलटा आहे. तिथे कुलूप एकाच किल्लीने उघडायला हवं आणि ते निदान तिघांना उघडता आलं पाहिजे. त्यातला एक तरी असा हवा, जो सणालाही आवारातच असतो.

मग आम्ही जे केलं त्याला फार पैसे लागले नाहीत. फाटकाशी काचेची पेटी, आत पितळी बिल्ले लावलेल्या किल्ल्या. दुसरा जोड नानांच्या खोलीत. आगीच्या व्हॉल्व्हला लाल रंग, वस्तीच्या व्हॉल्व्हला निळा, आणि निवडणुकीच्या भिंती रंगवणाऱ्या पेंटरकडून पंपघरापासून हौदापर्यंत हातभर बाण. काट्याच्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत १०१, ११२, १०८, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, आणि खाली आमच्या जिनिंगला यायचा रस्ता तीन ओळींत, कारण घाबरलेल्या माणसाला फोनवर पत्ता सांगता येत नाही. वाचता येत नाही अशांसाठी चित्रं. प्रत्येक कामापुढे दोन नावं, आणि दुसरं नाव लिहिण्याआधी त्या माणसाने ते काम एकदा स्वतःच्या हाताने करून दाखवायचं.

आणि सराव. सराव सगळीकडे होतो तसा कामाच्या दिवशी सकाळी, पाहुणा अधिकारी बोलावून, फोटो काढून आम्ही केला नाही. आम्ही रविवारी दुपारी केला. मी अट घातली होती की शेठ, मॅनेजर आणि आप्पा यांनी निंबाखाली खुर्च्यांवर बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. पहिल्या वेळी गंजीच्या जागी पाणी पडायला चौदा मिनिटं लागली. आप्पांना ती चौदा मिनिटं बसवत नव्हती. दोनदा उठले, दोनदा शेठनी हात धरून बसवलं. पोरं चुकीच्या बाजूला पाईप नेत होती आणि आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सराव संपल्यावर ते कोणालाच रागावले नाहीत. त्यांनी सगळ्यांना पंपघरात नेलं, एकेकाचा हात व्हॉल्व्हवर ठेवला आणि म्हणाले, किती आटे फिरतात ते मोज. दिवाळीनंतरच्या सरावाला पाच मिनिटंही लागली नाहीत.

निंबाखाली जमल्यावर डोकी मोजायची. त्या यादीत आता लेकरं होती, झोळीतलीसुद्धा. रोज सकाळी वस्तीतली एक बाई मला आकडा सांगायची आणि तो मी हजेरीच्या वर तांबड्या शाईने लिहायची.

पुढच्या वर्षी, २०१९च्या ३१ ऑगस्टला, शिरपूरजवळ वाघाडीच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला. डझनाहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी आमच्या आवारात कोणी जेवलं नाही. भोपाळमध्ये १९८४ साली जे झालं त्यानंतर देशाने कायदे केले. घातक रसायनांच्या मोठ्या साठ्यांसाठी १९८९च्या नियमांनी आवारातला आपत्कालीन आराखडा आणि दर सहा महिन्यांनी त्याचा सराव बंधनकारक केला. नियम चांगले आहेत. मी कुठल्याही कारखान्यात गेले की मात्र कागद मागत नाही, सर्वांत नव्या पोराला विचारते, पळायचं कुठे? त्याने बोट दाखवलं की मला बरं वाटतं.

योगायोगाने तारीख तीच, ३१ ऑगस्ट, साल २०२१. रात्रभराच्या पावसाने चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्यांना पूर आला, पाणी बाजारपेठेत शिरलं, वर कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या. दुकानं बंद, दुकानदार घरी झोपलेले. काही दिवसांनी आमच्या नात्यातल्या एका किराणा दुकानात आम्ही चिखल काढायला गेलो. वरच्या फळीवर साबणाचे खोके कोरडे होते आणि उधारीच्या वह्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, कारण रोज हाताशी लागतात. ज्या वहीवर दुकान उभं असतं ती आपण जमिनीलगत ठेवतो. हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले हे तापीकाठच्या माणसाला पावसाळाभर तोंडपाठ असतं. त्या आकड्याचा अर्थ आपल्या दुकानापुरता काय, कितव्या दरवाजाला कोणती फळी रिकामी करायची, एवढं घरात आधीच ठरलेलं असावं.

आणि २०२५च्या २२ जानेवारीची ती संध्याकाळ. पाचोऱ्याजवळ परधाडे स्टेशनच्या अलीकडे पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढली गेली, माणसं शेजारच्या रुळांवर उतरली, आणि त्या रुळांवरून कर्नाटक एक्सप्रेस येत होती. डझनभर प्रवासी गेले. आग लागलेलीच नव्हती. मला या बातमीने जितकं हलवलं तितकं आमच्या आगीनेही नाही. खरी माहिती कोणी सांगायची, हे आधी ठरलेलं नसेल तर तिची जागा पहिली हाक घेते. त्यानंतर मी जिथे जिथे आराखडा लिहिते तिथे एक ओळ घालते: भोंगा वाजल्यावर मोठ्याने फक्त एकानेच बोलायचं, आणि त्याचं नाव सगळ्यांना माहीत पाहिजे. तो नसेल तर दुसरा कोण, हेही.

आता मी गावातल्या एका पतसंस्थेत काम करते. २०२०च्या टाळेबंदीत आमचा रोखपाल बंद केलेल्या गल्लीत अडकला आणि तिजोरीची एक किल्ली त्याच्याबरोबर. पण तोवर संचालकांनी माझं ऐकलं होतं. राखीव जोड लिफाफ्यात सीलबंद, दुसऱ्या शाखेत, कोणी आणि कोणाच्या सहीने काढायचा हे ठरावात लिहिलेलं. अर्ध्या दिवसात तिजोरी उघडली. रांगेत उभ्या असलेल्यांना काही कळलंही नाही.

जिनिंगशी नातं तुटलेलं नाही. दर अखाजीला, माहेरी जेवणं झाली की, मी झोक्यापाशी जाऊन फाटकावर फोन लावते. नाना आता थकून मुलाकडे गेलेत, आप्पाही निवृत्त झाले. या वर्षी फोन नव्या राखणदाराच्या बायकोने उचलला. तिला मी माहीत नव्हते, मला ती.

"राखणदार भाऊ आहेत का?"

"त्या झोपेल शेतस."

मी विचारलं, पंपघराची किल्ली कोणाकडे आहे?

"एक पेटीम्हा शे, एक घरम्हा." मग जरा थांबून म्हणाली, "लाल व्हॉल उघाडना पडस, निया नही. माले माहीत शे."

मी तिचं नाव विचारलं आणि शेठना फोन करून भिंतीवरच्या यादीत घालायला सांगितलं.